लांबच्या कॅम्पिंगसाठी छोटा ऑफ-रोड ट्रेलर निवडताना

ट्रेलर बघायला गेलं की विकणारा आधी मागचं झाकण उचलतो. स्वयंपाकाचा ओटा सरकत बाहेर येतो, शेजारच्या कप्प्यातून फ्रिज येतो, आत गादी, दिवे, मोबाइल चार्जिंगची सोय. मन तिथेच गुंततं. पण कच्च्या रस्त्यावर ट्रेलर अडकतो तो वाकलेल्या ॲक्सलमुळे, तापून जाम झालेल्या बेअरिंगमुळे, नाहीतर पुढच्या दांडीच्या सांध्याला गेलेल्या तड्यामुळे. म्हणून पहिल्यांदाच ट्रेलर घेणाऱ्याला माझा आग्रह एकच असतो: निवड खालून वर करत जा. आधी वजन, मग चाकं, मग गाडीला अडकवायचा जोड आणि सांगाडा. बिछाना नि ओटा सगळ्यात शेवटी.

इथे छोटा ट्रेलर म्हणजे एकाच ॲक्सलचा, भरल्यावर टनभराच्या आसपासचा, आणि सपाट जागेवर दोघांना हाताने ढकलून वळवता येईल असा.

आधी कागदावर तीन उत्तरं लिहा

किती माणसं झोपणार? पाणी आणि इंधन कुठेही न मिळता सलग किती दिवस काढायचे? आणि मुक्काम रोज बदलणार की एकाच ठिकाणी चार-पाच दिवस तळ ठोकणार?

तिसऱ्या प्रश्नाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण ट्रेलरची जात त्यावरच ठरते. ट्रेलरचा मोठा फायदा हा की तळ जिथल्या तिथे राहतो आणि गाडी मोकळी होते. दिवसभर भटकून संध्याकाळी परत येता येतं. रोज मुक्काम हलवणाऱ्याला हा फायदा मिळत नाही. उलट अरुंद वाटेवर वळवणं, मागे घेणं, चिखलात दुप्पट ओझं ओढणं हा त्रास मात्र रोजचा. सहली दोन-तीन रात्रींच्याच असतील आणि माणसं दोनच असतील, तर गाडीत मावणारा चांगला तंबू पुरतो. ट्रेलरची खरी गरज आठ-दहा दिवसांच्या वर जाणाऱ्या मुक्कामांना लागते.

वजन: इथे घाई करू नका

ट्रेलरच्या प्लेटवर दोन आकडे असतात. एक रिकाम्या ट्रेलरचं वजन आणि दुसरं भरल्यावर जास्तीत जास्त चालणारं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे पेलोड, तुम्हाला सामानासाठी मिळणारी मोकळीक. जाहिरातीत रिकामं वजन मोठ्या अक्षरांत असतं. तुम्ही पेलोड विचारा.

समजा, ट्रेलर रिकामा ५५० किलो आणि कमाल मर्यादा ९०० किलो. हाताशी ३५० किलो आले. भरपूर वाटतात. आता दोघांच्या चार दिवसांचा हिशेब मांडू. पाणी ८० लिटर, म्हणजे ८० किलो. छतावरचा तंबू ६५. फ्रिज आतल्या जिनसांसह ४०. कपडे-अंथरूण ४०. स्टेपनी ३०. जॅक, पाने, दोर, फावडं मिळून २५. बॅटरी आणि वायरिंग २०. चूल-भांडी २०. टेबल-खुर्च्या २०. इंधनाचा भरलेला कॅन २०. गॅसची टाकी १५. बेरीज ३७५ किलो. मर्यादा ओलांडून २५ किलो वर गेलो, आणि यात चांदणी (बाजूला ताणायचं सावलीचं कापड), सोलर पॅनेल, अन्नधान्य अजून धरलेलंच नाही.

म्हणून स्वतःची यादी करा, घरच्या काट्यावर वस्तू तोला आणि येणाऱ्या बेरजेपेक्षा किमान वीस टक्के जास्त पेलोड असलेला ट्रेलरच बघा. विकणाऱ्याने सांगितलेल्या रिकाम्या वजनावरही विसंबू नका. चांदणी, जादा बॅटरी, टूलबॉक्स अशा मागाहून बसवलेल्या गोष्टी त्यात बऱ्याचदा धरलेल्या नसतात. वजनकाट्यावर नेऊन तोलून घेण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

मग गाडीकडे या. गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची क्षमता दिलेली असते. ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी एक आकडा आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी वेगळा, बराच कमी. हे आकडे पक्क्या रस्त्याच्या हिशेबाने वाचावेत. वाळू, चिखल, खडी चढण यांत तोच ट्रेलर कितीतरी जड होतो. भरलेला ट्रेलर गाडीच्या क्षमतेच्या निम्म्या ते साठ टक्क्यांत राहावा, असं माझं मत आहे. उंच डोंगरी भागात जाणार असाल तर आणखी एक गोष्ट: टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटर उंचीमागे साधारण दहा टक्क्यांनी घटते.

भार पुढे की मागे

बैलगाडी भरताना माल मागे जास्त गेला तर गाडी उलाळते, पुढे जास्त आला तर जू बैलांच्या मानेवर बसतं. ट्रेलरचंही तसंच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या जोडावर पडला पाहिजे. ९०० किलोला ९० किलो. त्याहून बराच कमी पडला की वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटीसारखा हेलकावे घेऊ लागतो, आणि तो हेलकावा गाडीलाही सोबत ओढतो.

पण हा भार गाडीच्या मागच्या ॲक्सलवर बसतो आणि गाडीच्या स्वतःच्या पेलोडमधून वजा होतो. शिवाय जोडावर किती किलो चालतील याची गाडीची वेगळी मर्यादा असते. लहान गाड्यांमध्ये ती ७५ किलोसुद्धा असू शकते. तेव्हा ओढण्याच्या क्षमतेत बसणारा ट्रेलर या मर्यादेत बसेलच असं नाही. दोन्ही आकडे तपासा.

ट्रेलर निवडताना त्यामुळे बघायचं ते हे: पाण्याची टाकी कुठे आहे? ती ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, आणि शक्य तितकी खाली हवी. मागच्या टोकाला असेल तर भरलेली टाकी आणि रिकामी टाकी यांत ट्रेलरचा तोल पार बदलतो. ओटा, फ्रिज आणि स्टेपनी हे तिन्ही मागेच असतील तर तो ट्रेलर सोडून द्या. भरताना जड वस्तू ॲक्सलजवळ तळाला, हलक्या वर आणि टोकांना.

आणि हेलकावे सुरू झालेच तर? जोरात ब्रेक मारू नका, वेग वाढवून सरळ करायला जाऊ नका. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडा. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर कंट्रोलरच्या बटणाने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावा. नंतर थांबून सामान पुन्हा लावा.

चाकं आणि सस्पेन्शन

दुसऱ्या महायुद्धात जीपमागे लावण्यासाठी पाव टन क्षमतेचा एक छोटा ट्रेलर बनवला गेला. त्याला जीपचीच चाकं, जीपचेच टायर होते, आणि त्याचा डबा असा होता की पाण्यावर तरंगेल. छोट्या ऑफ-रोड ट्रेलरबद्दलचं निम्मं शहाणपण त्या रचनेत आहे. तुमच्या ट्रेलरच्या चाकाचे बोल्ट, त्यांच्यातलं अंतर आणि टायरचा आकार गाडीशी जुळत असेल, तर दोन स्टेपन्या गाडीच्या आणि ट्रेलरच्या मिळून सहाही चाकांना चालतात. दूरच्या वाटेवर याचं मोल फार मोठं. दोन्ही चाकांमधली रुंदीही गाडीइतकीच असावी. मग वाळूत आणि चिखलात ट्रेलर गाडीने दाबलेल्या चाकोरीतूनच येतो, नवी चाकोरी पाडण्याची ताकद वाया जात नाही.

सस्पेन्शनचे मुख्य प्रकार तीन. पहिला, सरळ ॲक्सल आणि कमानपाटे. जुना, साधा, दणकट. पाटा तुटला तर वाटेत बांधून-जोडून पुढच्या गावापर्यंत जाता येतं, आणि सुटा भाग कुठल्याही गॅरेजात मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. पाट्यांच्या आपसातल्या घर्षणाने उसळी थोडी आपोआप जिरते. दुसरा, प्रत्येक चाकाला स्वतंत्र आर्म आणि कॉइल स्प्रिंग. खडकाळ वाटेवर हा सगळ्यात समंजस चालतो आणि मधे आडवा ॲक्सल नसल्याने खाली जागाही मिळते. पण कॉइलला स्वतःचं घर्षण जवळजवळ नसतं, त्यामुळे शॉकॲब्जॉर्बर हवेतच. तिसरा, रबराचा टॉर्शन ॲक्सल, म्हणजे आतल्या रबराच्या पिळावर धक्के झेलणारा. शांत चालतो, देखभाल जवळपास नाही. मात्र रबर गेलं तर वाटेत दुरुस्ती नाही, अख्खा ॲक्सलच बदलावा लागतो.

नवख्याने दूरच्या सहलींसाठी घ्यायचा तर मी कमानपाटे आणि शॉकॲब्जॉर्बर ही जोडी सुचवेन. महाग स्वतंत्र सस्पेन्शनचा मोह आवरता घ्या, ते पैसे चांगल्या टायरवर खर्च करा. एक मात्र नक्की बघा: सस्पेन्शन किती वजनासाठी आहे? हलक्या ट्रेलरखाली दीड टनाचे पाटे बसवले तर ते दबतच नाहीत. प्रत्येक खड्ड्यात ट्रेलर उड्या मारतो आणि आतलं सगळं सामान खिळखिळं होतं. दणकट असलं की झालं, हा समज इथे उलटतो.

पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर खरी परीक्षा होते. बारीक, सततच्या धक्क्यांनी शॉकॲब्जॉर्बर तापतात, नट ढिले होतात, वायरी घासून उघड्या पडतात. टायरमधली हवा कमी करून वेग आटोक्यात ठेवला तर यातलं बरंच टळतं. त्यामुळे हवा भरायचा छोटा पंप आणि प्रेशर गेज ट्रेलरच्या पहिल्या खरेदीतच धरा.

जोड आणि ब्रेक

बहुतेक ट्रेलर गोल बॉलच्या जोडावर येतात. बॉलचा व्यास साधारण ५० मिलिमीटर. पक्क्या रस्त्याला तो उत्तम. पण गाडीचं एक चाक खड्ड्यात आणि ट्रेलरचं चाक उलट बाजूच्या दगडावर, अशा पिळाला बॉल ठरावीक कोनापर्यंतच फिरतो. त्यापुढे धातू धातूला अडतो. ऑफ-रोडसाठी वर-खाली, डावी-उजवी आणि स्वतःभोवती अशा तिन्ही दिशांना फिरणारा जोड घ्या. कडी आणि हुकाचा लष्करी पद्धतीचा जोडही भरपूर फिरतो, पण त्यात सैलपणा असतो, सतत खडखड होते आणि ब्रेक मारताना धक्का बसतो. जोडाखालून दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे जोड सुटलाच तर दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते.

ब्रेकचे नियम देशादेशांत वेगळे आहेत. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही. नियम काहीही असोत, उतारावर मागून अर्धा टन ढकलतोय हे एकदा अनुभवलं की ब्रेक नकोत असं कुणी म्हणत नाही. गाडी थांबताना ट्रेलर पुढे रेटला जातो, त्या रेट्यावर चालणारे ब्रेक स्वस्त आणि साधे असतात. पण लांब उतारावर ते सतत लागून राहतात आणि तापतात. इलेक्ट्रिक ब्रेकला गाडीत कंट्रोलर बसवावा लागतो, त्या बदल्यात ताबा तुमच्या हातात राहतो. डोंगरात जाणाऱ्यांनी इलेक्ट्रिकच घ्यावेत.

सांगाडा, दांडी आणि धूळ

दांडी नुसती पुढच्या आडव्या पट्टीला वेल्ड केलेली आहे की चासीखालून मागपर्यंत नेलेली आहे, हे वाकून बघा. दुसरी पद्धत पाहिजे. पहिलीत सगळा पीळ एकाच सांध्यावर येतो आणि तडा तिथेच जातो. फार आखूड दांडीचा ट्रेलर मागे घेताना झटकन वळतो आणि कात्रीसारखा गाडीला जाऊन भिडतो. थोडी लांब दांडी बरी. मागे घेण्याची एक युक्ती शिकून ठेवा: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात सरकवा.

सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला असेल तर गंजाची चिंता बरीच कमी होते. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण वर्षानुवर्षांच्या थरथरीने त्याच्या वेल्डजवळ तडे जाऊ शकतात. जुन्या ट्रेलरमध्ये तिथे बोट फिरवून बघा. प्लायवूडच्या बॉडीत कडांना आणि खिडक्यांभोवती दाबून पाहा. मऊ लागलं तर आत पाणी मुरलेलं आहे.

धुळीसाठी सोपी चाचणी आहे. भर उन्हात आत बसून दारं बंद करून घ्या. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून धूळ येणार. गाडीने उडवलेल्या धुरळ्यातून ट्रेलर दिवसभर जातो आणि आतला दाब थोडा कमी असल्याने तो धूळ ओढून घेतो. छताजवळ पुढच्या बाजूला फिल्टर लावलेली खिडकी असेल तर चालताना आत हवा भरत राहते आणि धूळ फटींतून बाहेरच थोपते.

झोपायचं कुठे

आता वरच्या मजल्यावर. ट्रेलर-पेटी आणि तिच्यावर तंबू, हा प्रकार सर्वांत लवचिक: तंबू काढला की सामान वाहायला मोकळा. तंबू शक्य तितका खाली, झाकणाच्या पातळीवर बसवा. उंच चौकटीवरचं ६५ किलो वजन आडव्या उतारावर ट्रेलर कलंडवायला मदत करतं. टिअरड्रॉपमध्ये, म्हणजे थेंबाच्या आकाराच्या बुटक्या ट्रेलरमध्ये, कडक भिंती, तयार गादी, पोचल्यावर दोन मिनिटांत झोपायची सोय. पण आत उभं राहता येत नाही आणि तो दोघांपुरताच. रोज मुक्काम हलवणाऱ्या जोडीने हाच घ्यावा. उलगडून मोठी खोली करणारा कॅनव्हासचा ट्रेलर कुटुंबाला आणि एका जागी राहणाऱ्यांना छान. उभारायला वेळ लागतो, आणि ओला कॅनव्हास घडी करून ठेवला तर काही दिवसांत बुरशी धरते. पावसात निघावं लागलं तर घरी पोचल्याबरोबर उघडून वाळवण्याइतकी जागा तुमच्याकडे आहे का, ते आधी बघा.

प्रकार कोणताही असो, बंद जागेत गॅसची चूल किंवा शेगडी पेटवून उबेसाठी ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाणी आणि वीज

पिणं, रांधणं, भांडी मिळून माणशी रोज ८ ते १० लिटर पाणी धरा. त्यातलं ३ ते ४ लिटर निव्वळ पिण्याचं. सगळं पाणी एकाच टाकीत ठेवू नका. दगड लागून टाकी फुटली किंवा पाणी खराब झालं तर वेगळ्या कॅनमधलं उरतं. टाकीखाली संरक्षक पत्रा हवा आणि मोठ्या टाकीत आडपडदे हवेत, म्हणजे अर्धवट भरलेलं पाणी हिंदकळत नाही.

विजेत सगळ्यात मोठा गिऱ्हाईक फ्रिज. ४०-५० लिटरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज गरम हवेत दिवसाला ३० ते ५० अँपिअर-अवर (बॅटरीतला साठा मोजायचं माप) खातो. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी त्याला उन्हाशिवाय दीड-दोन दिवस चालवते. तेवढ्याच क्षमतेची लेड-ॲसिड बॅटरी दुपटीहून जड असते आणि ती निम्म्यापर्यंतच वापरावी. २०० वॉटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला ६० अँपिअर-अवरच्या आसपास देतं, म्हणजे फ्रिज आणि दिवे भागले. पॅनेल सुटं असेल तर ट्रेलर सावलीत आणि पॅनेल उन्हात ठेवता येतं. थंड प्रदेशात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते.

घेण्याआधी आणि पहिल्या सहलीला

शक्य असेल तर तसाच ट्रेलर आधी भाड्याने घेऊन दोन रात्री काढा. नाहीतर विकणाऱ्यासमोर, त्याची मदत न घेता, स्वतः तो उघडा आणि बंद करा, दोनदा. एकट्याला जमतं का तेही बघा, कारण अंधारात पावसात दुसरा माणूस मुलांना सांभाळत असेल.

जुना घेताना टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी नवी दिसत असली तरी सहा-सात वर्षांपुढचे टायर बदलायचेच असं धरून सौदा करा. चाक जॅकवर उचलून फिरवा. घरघर आली किंवा चाक डुगडुगलं तर बेअरिंग संपलं आहे.

पहिली सहल जवळची ठेवा. निघाल्यावर ५० ते १०० किलोमीटरवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा. प्रत्येक थांब्यावर हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंग असलेल्या भागाजवळ, हात नेऊन बघा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय. ओढा ओलांडण्याआधी थांबून हब निवू द्या, कारण तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तसं झालं असेल तर परतल्यावर बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरा. सुटं बेअरिंग, सील आणि ग्रीसचा डबा ट्रेलरमध्ये कायम ठेवा, आणि ते बदलायचं कसं हे घरच्या अंगणातच एकदा स्वतःच्या हाताने करून बघा.